पुदिन्याला बी नव्हे, बेणं

उन्हाळा तोंडावर आला की एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर हटकून फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा : “बाजारातली पुदिन्याची जुडी कुंडीत लावू नका. तिच्यावर औषधं मारलेली असतात, मुळं फुटत नाहीत. फुटलीच तर दोन महिन्यांत रोप बसतं. त्यापेक्षा बी आणा, बोटभर खोल पेरा, वरून माती ओढा. आठ दिवसांत रोपं, महिन्यात चटणी. बियाण्याचा पुदिनाच खरा देशी आणि सुगंधी.” खाली भरगच्च कुंडीचा फोटो. यंदा तो मावशीकडून आला, सोबत पाकीट मागवल्याची बातमी. मी तीन वर्षांपूर्वी हे सगळं करून बसले आहे, म्हणून तिला एका ओळीत ‘नको’ म्हणून भागेना.

आधी त्या जुडीची बदनामी. पुदिन्याची काडी हातात घेऊन बघा, चौकोनी असते आणि तिला ठरावीक अंतरावर पेरं असतात, जिथून पानांची जोडी निघते. मुळं तिथूनच फुटतात. पानांवर फवारलेलं कीटकनाशक हे थांबवत नाही. चटणीसाठी पानं खुडून झाली की उरलेल्या काड्यांतल्या टवटवीत, शेंडा शाबूत असलेल्या सहा-सात निवडायच्या. वीतभरापेक्षा थोडी कमी लांबी, खालची पानं काढलेली, दोन पेरं पाण्यात. पाणी दिवसाआड बदलायचं. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. ज्यांच्या काड्या कुजतात त्यांनी बहुतेक वेळा पानांसकट काड्या बुडवलेल्या असतात, नाहीतर फ्रिजमध्ये काळ्या पडलेल्या काड्या घेतलेल्या असतात. दोष औषधाच्या माथी मारणं सोयीचं, एवढंच.

“बोटभर खोल पेरा” हे लिहिणाऱ्यानं पुदिन्याचं बी कधी बघितलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. ते मिलिमीटरभरसुद्धा नसतं. तळहातावर घेऊन शिंक आली तर पीक गेलं. इतक्या बारीक बियाण्यात अंकुराला बोटभर माती फोडून वर यायला शिदोरी कुठून असणार? शिवाय ते रुजायला उजेड लागतो. म्हणून ते ओल्या, चाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, हलकं दाबायचं, झाकायचं नाही. पाणी झारीनं घातलंत तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. फवाऱ्यानं घाला किंवा कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी चढू द्या.

आठ दिवस? दहा-पंधरा धरा, कधी त्याहून जास्त. आणि उगवलं म्हणजे रोप झालं असं नाही. कुंडी सतत ओली आणि हवा कोंडलेली असेल, तर बुंध्याशी कुजून रोपं कोलमडतात, एका रात्रीत. वाचलेल्यांची चटणी व्हायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या वेळात काडीवरचा पुदिना तुम्ही दोन-तीनदा खुडलेला असतो.

आता ‘देशी आणि सुगंधी’. माझ्या पाकिटातली अकरा रोपं जगली. त्यातल्या तिघांना पुदिन्याचा वास होता. बाकीच्यांची पानं चोळली तर काहींना गवताचा, काहींना औषधी तेलासारखा उग्र वास, आणि एकाला कशाचाच नाही. विक्रेत्यानं फसवलं असं मी तेव्हा म्हणत होते, पण यात नुसती फसवणूक नाही. पुदिन्याच्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात, त्यामुळे बियाण्यातून आईसारखंच मूल निघेल याची खात्री नसते. चटणीच्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा, तर थंडगार झोंबणारा वास मेंथॉलचा. कुठलं रोप काय आणि किती तयार करेल, हे बियागणिक बदलतं.

पेपरमिंटची गोष्ट तर आणखी टोकाची. तो पाणपुदिना आणि चटणीचा पुदिना यांचा संकर, आणि खेचरासारखा जवळपास वांझ. त्याला फुलं येतात, बी धरत नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा ‘पेपरमिंट बियाणे’ असं छापलेलं पाकीट दिसलं तर आत दुसरंच काहीतरी असणार. अमेरिकेत पेपरमिंटच्या शेतांवर मर रोग पसरला तेव्हा हाच वांझपणा आडवा आला. बी नाही, त्यामुळे रोगाला दाद न देणारं वाण संकरातून काढता येईना. शेवटी ब्रूकहेवनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्याच्या धावत्या खोडांवर किरणांचा मारा केला आणि त्यातून फुटलेल्या रोपांमधून रोगाला टिकणारी निवडली. त्यातलं ‘टॉड्स मिचम’ हे वाण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. बियाण्यानं काम भागलं असतं तर एवढा खटाटोप कोण करतो!

उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या पट्ट्यात मेंथॉलसाठी जपानी पुदिन्याची मोठी शेती आहे. तिथला शेतकरी थंडी सरता सरता जमिनीखालची खोडं, ज्यांना ते सकर म्हणतात, तीच लावतो. लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी-सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं काढलेली ‘कोसी’सारखी वाणं अशीच पसरली. यासाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : बेणं. उसाचं बेणं, हळदीचं बेणं, आल्याचं बेणं. उसालाही बी येतं, कोइंबतूरच्या पैदास केंद्रात त्यातूनच नवी वाणं निघतात, पण ‘को ८६०३२’ हे उसाचं वाण लावायला कुणी तुऱ्याचं बी गोळा करायला जात नाही. कांडी लावतो. पुदिना त्याच पंगतीतला.

शिवाय आपल्याकडे तो फुलतोही कमीच, कारण फुलोऱ्यासाठी त्याला लांब दिवस लागतात. पुण्याचा सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, लंडनचा साडेसोळाच्या.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमध्ये निम्मी खरी आहे. कुंडीतला पुदिना काही महिन्यांत खरोखर बसतो. कारण वेगळं : खोडं धावत कुंडीच्या कडेला जाऊन गुंडाळतात, मधोमध टक्कल पडतं. रुंद, उथळ कुंडी घ्या, एप्रिल-मेच्या दुपारी सावलीत ठेवा, आणि मधला भाग विरळ दिसला की कडेची धावती खोडं कापून नव्या मातीत आडवी पुरा. काडीबरोबर रोगही घरी येऊ शकतो, तेही मान्य. पानामागे तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके असतील तर ती जुडी कुंडीपर्यंत आणू नका. या बाबतीत बियाणं उजवं, पण मला त्यासाठी तीन महिने थांबायचं नाही.

परवा मावशीकडे गेले तर पाकीट आलेलं होतं. दाणे काळे, चांगले ठसठशीत. चमचाभर पाण्यात चार टाकले, पाच मिनिटांत फुगून बुळबुळीत झाले. “अगं मावशी, हा तर सब्जा!” ती म्हणाली, “मग फालुद्यात घालू?” नको म्हटलं, पेरायच्या बियाण्याला औषध चोळलेलं असू शकतं. आता ते तिनं कठड्यावरच्या कुंडीत टाकलंय, आणि शेजारी ग्लासात माझ्या सहा काड्या उभ्या आहेत.