हप्ता वजा केला म्हणजे हिशेब संपत नाही

कर्ज काढून घर घ्यायचं आणि भाड्याने द्यायचं, मग भाड्यातून कर्जाचा हप्ता वजा जाता उरेल तो नफा, असं अशा गुंतवणुकीवरच्या एका लेखात म्हटलं आहे. हा हिशेब अपुरा आहे आणि नवीन गुंतवणूकदार नेमका इथेच अडकतो. हप्त्यात व्याज आणि मुद्दल असे दोन भाग असतात. अनेक देशांत कर मोजताना भाड्याच्या उत्पन्नातून व्याजाची वजावट मिळते, पूर्ण किंवा काही मर्यादेपर्यंत. मुद्दलाची परतफेड मात्र सहसा खर्च धरली जात नाही. कर्ज जुनं होतं तसा हप्त्यातला व्याजाचा वाटा घटत जातो. म्हणजे भाडं तेच, हप्ताही तोच, तरी करपात्र उत्पन्न वाढतं. पुढे एखाद्या वर्षी हातात काही न उरताही कर भरावा लागू शकतो. म्हणून कर्ज घेतानाच परतफेडीचा तक्ता मागून घ्या आणि निदान १० वर्षांचा कर त्यावरून मांडून बघा. कृपया हे टाळू नका.

व्याजदर बदलता असेल तर दोन टक्के जास्त धरूनही एकदा आकडे तपासा.

वेळ आणि पैसा दोन्हींच्या बाबतीत माझं ठाम मत आहे की चांगला भाडेकरू टिकवण्याइतकी दुसरी बचत नाही. पाच टक्के वाढीच्या हट्टापायी तो गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर वर्षाचं आठ टक्क्यांहून जास्त भाडं बुडतं. शिवाय रंगरंगोटी, नवा करार, घर दाखवायला मारलेल्या चकरा वेगळ्याच. घराच्या जमाखर्चासाठी बँकेत स्वतंत्र खातं ठेवा, दुरुस्तीच्या पावत्या त्याच महिन्यात लावून टाका.