खांदा खाली!

मनगट कसं मोडलं ते विचारू नका, बाथरूममध्ये पाय घसरला एवढंच, त्यात मर्दुमकीची गोष्ट काही नाही. सहा आठवडे प्लास्टर. ते कापलं तेव्हा वाटलं सुटलो बुवा, पण आतून जे निघालं तो माझा हात नव्हताच, त्याचा कुणीतरी लांबचा आजारी नातेवाईक असावा, मनगट सुकलेलं, कातडीची सालं निघतायत, बोटं फुगलेली आणि मूठ अर्ध्या वाटेत येऊन बसलेली.

थेरपिस्ट मॅडमनी समजावलं की हाड जुळलंय पण सांधे आखडलेत, आणि बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते असतात कोपराखाली, तिथून टेंडन दोऱ्यांसारखे बोटांपर्यंत येतात आणि बरेच दिवस सरकले नाहीत की चिकटून बसतात. मी म्हटलं आता काहीतरी भारी मशीन येणार. मॅडमनी ड्रॉवरमधून काढले कपड्यांचे चिमटे! एका दोरीवरचे काढून दुसऱ्या दोरीला लावायचे, आधी अंगठा आणि तर्जनी, मग मधलं बोट, असं करत करंगळीपर्यंत. करंगळीपाशी चिमटा उघडेना म्हणून मी हळूच डावा हात पुढे केला.

"तो नाही. पेशंट हा आहे."

मग कुलपात किल्ली फिरवायची होती. फिरवली की मी, झोकात!

"मनगट फिरवायला सांगितलंय, तुम्ही स्वतःच फिरताय. खांदा खाली."

तेव्हा कळलं की हात आजारी पडला की त्याचं काम खांदा, कंबर, मान असे सगळे मिळून उरकतात आणि हाताला पत्ताही लागू देत नाहीत (आमच्या ऑफिसात असे दोघं आहेत, त्यांची मनगटं धडधाकट आहेत).

घरी कोमट पाण्यात भांडी घासायची, टॉवेल पिळायचा, टेबलावरची नाणी एकेक करून उचलायची. थोडं दुखलं तर चालेल, पण काम संपून तासाभरानेही ठणका राहिला किंवा सूज वाढली तर जास्त झालं समजायचं, असा नियम. हा नियम मी बायकोला लगेच तोंडपाठ म्हणून दाखवला. तिने शांतपणे मोबाईलवर तासाभराचा अलार्म लावला आणि कढई पुढे सरकवली.

पण खरी परीक्षा शर्टाची बटणं. चिमट्याला निदान स्प्रिंग असते, बटण नुसतं निसटतं, काजाच्या तोंडाशी येऊन परत मागे जातं, आणि त्यात डाव्या हाताने फक्त कापड धरायचं, लुडबूड करायची नाही. परवा खांदा खाली ठेवून, जीभ दातात धरून, बावीस मिनिटांत सातही बटणं एकट्या उजव्या हाताने लावली आणि छाती काढून हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो.

मुलगा म्हणाला, "बाबा, वरपासून एक काज चुकलंय."