एलके-९९ आणि तांब्याची ‘सुट्टी’

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी व्हॉट्सअॅप गटांवर फिरणारा एक संदेश असे सांगतो की, कोरियात एलके-९९ हा घरातल्या तापमानालाही वीजरोध शून्य करणारा अतिसंवाहक सापडला. त्यामुळे मोटारींतले तांबे हद्दपार होईल, एमआरआय यंत्राला हेलियम लागणार नाही, आणि म्हणूनच कंपन्यांनी हा शोध दडपला.

दडपल्याचा आरोप सर्वांत लंगडा आहे. जुलै २०२३ मध्ये संशोधकांनी पदार्थाची कृती स्वतःच जाहीर केली, आणि ती इतकी सोपी होती की काही आठवड्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ करून पाहिला. अतिसंवाहकता कुणालाही खात्रीने दाखवता आली नाही. रोध एकाएकी घसरत होता तो नमुन्यात मिसळून राहिलेल्या, सुमारे १०४ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलणाऱ्या कॉपर सल्फाइडमुळे. जर्मनीत या पदार्थाचे शुद्ध स्फटिक वाढवले गेले, तेव्हा ते चक्क विद्युतरोधक निघाले. संदेशासोबतच्या चित्रफितीत ‘तरंगणाऱ्या’ तुकड्याची एक कड चुंबकाला टेकलेलीच आहे, हे मात्र कुणी पाहत नाही.

तांब्याविषयीचा दावा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोज मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्यांनी तरी तपासून घ्यावा. एमआरआयच्या चुंबकातील तार निओबियम-टायटॅनियम या अतिसंवाहक मिश्रधातूची म्हणतात, पण ती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तांब्याच्या गाभ्यात रोवलेले या मिश्रधातूचे बारीक तंतू दिसतात, आणि तारेचा मोठा भाग तांब्याचाच असतो. कारण उघड आहे: तारेचा एखादा बिंदू किंचित तापून अतिसंवाहकता गमावून बसला, तर त्या मिश्रधातूचा रोध एकदम वाढतो, आणि शेकडो अँपिअर प्रवाहाला शेजारच्या तांब्याची वाट मिळाली नाही तर तार तिथेच जळते. शिवाय शून्य रोध ही गोष्ट एकदिश (डीसी) प्रवाहाची आहे. आपल्या कारखान्यांतील थ्री-फेज मोटारी प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहावर चालतात, आणि असा प्रवाह अतिसंवाहकातही उष्णता निर्माण करून थोडी ऊर्जा खातोच.

राहिला हेलियम. पदार्थ सापडला की तार तयार झाली, हा संदेशातला खरा घोटाळा आहे. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकता शोधली. पुढच्याच वर्षी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये काम करणारा पदार्थ हाती आला आणि दोघांना नोबेलही मिळाले. तरीही आज रुग्णालयांतील बहुतेक चुंबके उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेल्या जुन्या मिश्रधातूच्याच तारेची आहेत. ती धातूची तार ओढता येते, वळवता येते. नवे पदार्थ चिनीमातीसारखे ठिसूळ आहेत, आणि त्यांचे कण एका दिशेत नीट जुळले नाहीत तर प्रवाह कणांच्या सीमांवर अडतो. म्हणून धातूच्या पट्टीवर त्यांचा मायक्रोनभर जाडीचा थर चढवण्याचे तंत्र घडवावे लागले, ज्याच्या जोरावर सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत २० टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाची तीव्रता मोजण्याचे एकक) मोठे चुंबक चालले. पट्टी महाग आहे, आणि दोन पट्ट्यांचा रोधविरहित सांधा जमवणे अजून अवघड आहे.

हेलियमची गरज घटते आहे, हे मात्र खरे. पण ती जुनी तार तशीच ठेवून. काही नव्या एमआरआय यंत्रांत हजार-दीड हजार लिटरऐवजी मोहोरबंद नळ्यांतले जेमतेम सात लिटर हेलियम पुरते.