ऑफर लेटर म्हणजे परवानगी नव्हे

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर ऑफर लेटर आलं की इंटर्नशिप सुरू करा, कागदपत्रं नंतर होतात.’ हे साफ चुकीचं आहे. शिक्षण चालू असताना कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला सहसा सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागतं. विद्यापीठातला डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी) ते आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या विद्यार्थी-पात्रतेच्या फॉर्मवर, नोंदवतो. त्यावर कंपनीचं नाव आणि सुरुवातीची तारीख असते. पोरांनो, त्या तारखेच्या एक दिवस आधीही कामाला बसू नका, स्टेटस (विद्यार्थी म्हणून राहण्याचा कायदेशीर दर्जा) जाऊ शकतं. आणि हे फारसं कुणी सांगत नाही: पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं, की त्या पातळीवरच्या पदवीचं ओपीटी (शिकलेल्या विषयात, बहुतेकदा पदवीनंतर, काम करायची परवानगी) गेलंच. ओपीटीसाठी तर ईएडी कार्ड (कामाचा सरकारी परवाना) मंजूर होऊन त्यावरची तारीख येईपर्यंत थांबावंच लागतं.