एक स्टार आणि शिकाऊ मुलीचे कोरे हात

नमस्कार भाऊ,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही चिमूरच्या आमच्या टॅटूच्या दुकानात मनगटाच्या वर आईचं नाव काढायला आले होते. आमच्या शिकाऊ मुलीनं आधी बाही वर करायला लावून तुमचा दंड पाहिला, शुगर आहे का विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, मग स्टेन्सिल, म्हणजे अक्षरांचा छाप, लावलं. तुम्ही म्हणाले, तुझे टॅटू दाखव. तिच्या अंगावर एकही नाही हे कळताच तुम्ही उठले. "मी टॅटू काढायला आलो की दवाखान्यात?" असं लिहिलं आणि पुढे, "पोहता न येणारी पोहायला शिकवते."

ॲडव्हान्स त्याच संध्याकाळी परत पाठवला, म्हणून त्यावर बोलत नाही. पोहण्याचं म्हणाल तर पोहणारा स्वतः पाण्यात असतो जी. इथं पाण्यात तुम्ही असता, ती काठावर.

सुई कातडीत साधारण एक ते दोन मिलिमीटर जाते. वरच्या वर राहिली तर रंग खपलीसोबत निघून जातो, कारण वरचा थर शरीर सतत झाडत असतं. जास्त खोल गेली तर रंग आत पसरतो आणि रेष फुटते, कडेला निळसर सावली दिसते. हे सांभाळतो तो हात. कातडी किती ताणायची, सुई किती तिरपी धरायची, कुठं थांबायचं नाही. अंगावर दहा टॅटू असलेल्याला हे येतंच असं नाही. ते काढताना तो खुर्चीत बसलेला होता, मशीन दुसऱ्याच्या हातात होती.

ती आधी सिलिकॉनच्या नकली कातडीवर शिकली, मग केळीच्या सालीवर, मग संत्र्यावर. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ताणल्याशिवाय रेष सरळ येतच नाही, आणि सुई जरा खोल गेली की रस बाहेर येतो. मृग बहाराची फळं आली की इथं संत्र्याला तोटा नाही, त्यामुळं दुकानात महिनाभर तोच वास होता. कोणी म्हणेल स्वतःच्या हातावर सराव का नाही केला? बरेच जण करतात, पण एक हात टॅटूखाली आणि दुसऱ्यात मशीन असली तर कातडी ताणायला तिसरा कुठून आणायचा?

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. कोपराच्या आत किंवा बरगडीवर सुई फिरते तेव्हा कसं वाटतं, चौथ्या-पाचव्या दिवशी खाज किती सुटते, हे तिला अंगानं माहीत नाही. त्यासाठी ती गिऱ्हाइकांना फोन करून विचारत बसते, खपली कशी आहे, खाजवलं तर नाही ना. ज्यांच्या अंगावर टॅटू आहेत असे आमच्या धंद्यातले लोक एवढे फोन करत नाहीत, मीही करत नव्हतो.

आता तिच्या कोऱ्या हातांबद्दल. हे तिला विचारूनच लिहितो आहे, नाहीतर तो तिचा खासगी विषय होता. लहानपणी दंडावर बीसीजीची लस टोचतात, तिची खूण बहुतेकांना बारीक खड्ड्यासारखी राहते. हिची खूण फुगून मूळ जखमेच्या बाहेर वाढली, गाठीसारखी. त्याला केलॉइड म्हणतात. अशा कातडीवर टॅटू काढला तर प्रत्येक रेष उंच उठू शकते. म्हणून ती येणाऱ्या प्रत्येकाचा दंड आधी पाहते. तुमचाही त्यासाठीच पाहिला. शुगर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो, पिकू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर रक्त जास्त येतं आणि रंग नीट बसत नाही. हे विचारायला ती विसरली असती, तर तुमच्या एका स्टारला मी स्वतः हात जोडले असते.

मागे भरतीची तयारी करणारा एक पोट्टा मानेवर वाघ काढायला आला होता. तिनं त्याला परत पाठवलं. सैन्यात कोपराच्या आतून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच टॅटू चालतो, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट असते. त्या दिवशीचा माझा गल्ला बुडाला, पण पोट्ट्याच्या बापानं नंतर येऊन चहा पाजला.

आपल्या चिमूरच्या घोडायात्रेच्या जत्रेत बॅटरीवरच्या मशीननं रांगेतल्या सगळ्यांना एकाच सुईनं गोंदून देणारे तुम्हीही पाहिले असतील. त्यांचे हात खांद्यापर्यंत भरलेले असतात आणि ते काहीच विचारत नाहीत. आमच्याकडे प्रत्येकाला नवीन सुई, ती पाकिटातून तुमच्यासमोर काढतो. हिपॅटायटिस बी चे तीनही डोस झाल्याशिवाय मी तिला गिऱ्हाइकाजवळ बसू दिलं नाही. अजूनही ती फक्त अक्षरं आणि लहान रेषाकाम करते, मी शेजारी असतो, आणि शिकाऊच्या हातचं काम अर्ध्या दरात, तसा बोर्ड गल्ल्यावर लावलेला आहे.

आईचं नाव काढायचंच असेल तर बाजाराचा दिवस सोडून या, गर्दी कमी असते. माझ्या हातून हवं असेल तर पूर्ण दर पडेल. स्टेन्सिल तिनं जपून ठेवलं आहे. काम कोणाच्याही हातून करा, दंड ती पाहील आणि शुगरचंही विचारेल.