दुआ जाम

बालीत ड्रायव्हरला "किती वेळ लागेल?" विचारलं की तो गोड हसून सांगतो, "दुआ जाम." इंडोनेशियन भाषेत 'दुआ' म्हणजे दोन आणि 'जाम' म्हणजे तास. मराठी कानाला मात्र दोन ट्रॅफिक जाम ऐकू येतात, आणि मला विचाराल तर मराठी कानच खरा. एक जाम विमानतळाबाहेर, दुसरा उबुद गावाच्या तोंडाशी.

नकाशा दिसतो मोठा साळसूद. पूर्व-पश्चिम जेमतेम 150 किलोमीटर, उत्तर-दक्षिण त्याहून कमी. मग आपण घरबसल्या वहीत आखतो: सकाळी उलुवातूचा कडा, दुपारी उबुदची भातशेती, संध्याकाळी उत्तरेला लोविनात डॉल्फिन. डॉल्फिन बघायच्या होड्या पहाटे सहाच्या सुमारास निघतात हा तपशील वहीत नसतो. आणि घळीही नसतात. खरा घोळ घळींचाच आहे.

बेटाच्या वरच्या अंगाला ज्वालामुखींची रांग आहे. तिच्या दक्षिण उतारावर नद्यांनी उभ्या, खोल घळी कापल्यात. रस्ते दोन घळींमधल्या सोंडेवरून जातात, म्हणजे तेही उभेच. शेजारच्या सोंडेवरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं. तिथं जायचं तर खाली उतरा, पूल गाठा, पुन्हा चढा. बेटावर रेल्वे नाही. विमानतळ ते उबुद 35-40 किलोमीटर, रात्री उशिरा तासाभरात होतं, संध्याकाळी सहज दोन तास खातं.

रस्ता विचारावा तर आणखी मजा. बालीची जुनी दिशा उत्तर-दक्षिण अशी नाहीच. डोंगराकडे ती 'काजा', समुद्राकडे ती 'केलोद'. उबुदमध्ये काजा म्हणजे उत्तर. डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजाला पोचलात की तीच काजा दक्षिणेला जाते. ज्यांना डावं-उजवं ठरवायला जेवायचा हात आठवावा लागतो, त्यांनी इथं मोबाइलवर विसंबावं. पण तोही शेतातल्या बांधाएवढ्या वाटेवर नेतो, समोरून स्कूटर येते आणि एकाला भातात उतरावं लागतं.

म्हणून सात दिवसांत मुक्कामाची ठिकाणं तीनच, त्याहून जास्त नाही: दक्षिण किनाऱ्यावर दोन रात्री (एक पहिली, एक शेवटची), उबुदला तीन, आणि एक रात्र लोविना किंवा पूर्वेकडच्या किनाऱ्यावरचं आमेद. 'किंवा' म्हणजे किंवाच. रोज हॉटेल बदलणाऱ्याला बाली दिसत नाही, बॅगेची चेन दिसते.

उलुवातूच्या कड्यावरच्या देवळात चष्मा काढून बॅगेत ठेवा. दिसलं नाही तरी चालेल. तिथली माकडं चष्मा पळवतात आणि फळं मिळाली की परत करतात. हा हिशेब पक्का असतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मोठी माकडं माणसाला मोलाच्या वाटणाऱ्या वस्तू निवडून उचलतात. रिकामी पिशवी त्यांना नको, मोबाइल हवा. हिसकाहिसकी करू नका, चावतात. देवळाच्या माणसाला हाक मारा. सूर्यास्ताचा केचक नाच संपला की सगळ्या गाड्या एकाच रस्त्याला लागतात. अर्धा तास तिथंच बसून राहा. पळत पार्किंग गाठणारेही त्या अर्ध्या तासात हलत नाहीत, फक्त गाडीत बसून हलत नाहीत.

'उष्ण कटिबंध' या शब्दावर विसंबून नुसते बनियन-चड्डी भरणाऱ्यांना बातूर ज्वालामुखी धडा शिकवतो. उंची 1,717 मीटर, सूर्योदयासाठी उबुदहून रात्री दोनच्या आसपास उचलतात, चढ सुमारे दोन तासांचा. घामाने भिजून माथ्यावर बसलं की दात वाजतात. एक जाडसर जाकीट आणि कोरडा शर्ट न्याच. बूट मात्र जुनेच हवेत, काळी रेती शिवणीत शिरते.

शेवटची रात्र पुन्हा दक्षिणेत, विमानतळाजवळ. तरीही कुणाला लोविनाहून थेट विमान गाठायची हौस असेल, तर ड्रायव्हर सांगेल, "तिगा जाम." तिगा म्हणजे तीन. आपण पाच धरून निघायचं.