उणे किती?

लेकीला शिकायला परदेशी जायचंय. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा असते: ६० मिनिटांत तीन लांबलचक उतारे आणि ४० प्रश्न. मी बेळगावच्या टिळकवाडीत मराठी माध्यमात शिकलेला. पण घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि साहेबापुढं इंग्रजी असा तीन दगडांवरचा संसार तीस वर्षं केलाय. तेव्हा चार ओळी वाचून उत्तर द्यायला काय लागतं, असं म्हणत गेल्या रविवारी चष्मा पुसून तिच्या शेजारी बसलो.

उतारा उत्तर ध्रुवाचा होता. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं ८० ते ९० टक्के ऊन आल्या पावली माघारी धाडतो. तो वितळला की खालचा काळपट समुद्र उघडा पडतो. समुद्र जेमतेम ६ टक्के परत करतो, बाकीचं पिऊन टाकतो. मग पाणी तापतं, आणखी बर्फ वितळतो, आणखी समुद्र उघडा. इथवर सगळं कळलं. प्रश्न होता, हा फीडबॅक लूप कोणत्या प्रकारचा?

मी 'निगेटिव्ह'वर खूण केली. जग बुडायला निघालंय, त्यात पॉझिटिव्ह काय असणार? आमच्या कचेरीत पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणजे बढतीची आशा आणि निगेटिव्ह म्हणजे लांब कुठंतरी बदली.

"चूक," लेक म्हणाली. "बाबा, चांगलं-वाईट बघायचंच नाही. झालेला बदल फिरून स्वतःलाच पुढं ढकलतो का, तेवढंच बघायचं. ढकलला तर पॉझिटिव्ह, अडवला तर निगेटिव्ह."

तेव्हा मला आमच्या गल्लीतला गणपतीचा मांडव आठवला. आरतीआधी मी माइक हातात घेऊन ऐटीत स्पीकरसमोर जाऊन उभा राहिलो होतो. माझा श्वास माइकमध्ये, माइकमधून स्पीकरमध्ये, स्पीकरमधून मोठा होऊन परत माइकमध्ये, आणि दोन सेकंदांत अशी काही किंचाळी उठली की म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. साउंडवाला पोरगा ओरडला, "काका, मागं सरका की!" आयुष्यात मला मिळालेला सगळ्यांत पॉझिटिव्ह फीडबॅक तो. त्या वेळी तसं वाटलं नव्हतं, एवढंच.

निगेटिव्ह मात्र झटक्यात समजला, कारण तो तर आमच्या राज्याचा स्थायीभाव. खानापूरच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी", म्हणजे जरा सांभाळून घ्या, म्हणतो आणि सगळं पुन्हा स्थिर होतं. अंग तापलं की घाम येतो, घाम वाळला की अंग निवतं, तसंच. गच्चीवरच्या टाकीतला फुगाही त्याच जातीचा: पाणी चढलं की फुगा वर, फुगा वर गेला की नळ बंद. आमचा फुगा महिनाभर अडकलाय आणि प्लंबर 'उद्या येतो' म्हणतोय, तो भाग वेगळा.

मग लेकीनं गुरुकिल्ली दिली. बाण काढायचे. एक वाढलं की दुसरं वाढत असेल तर अधिक, एक वाढलं की दुसरं घटत असेल तर उणे. चक्र पुरं झालं की उणे मोजायचे. सम आले तर पॉझिटिव्ह, विषम आले तर निगेटिव्ह. बर्फ वाढला की शोषलेलं ऊन घटतं, हा एक उणे. ऊन वाढलं की तापमान वाढतं, अधिक. तापमान वाढलं की बर्फ घटतो, दुसरा उणे. दोन उणे, म्हणजे पॉझिटिव्ह. ऋण गुणिले ऋण धन! गुरुजींनी छडी मारून पाठ करून घेतलं होतं. ते पन्नाशीत ध्रुवावर उपयोगी पडेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

या जोरावर पुढच्या विधानावर झडप घातली: 'हे चक्र फक्त तापमान वाढवतं.' बरोबर, असं मी लिहिलं. पुन्हा चूक. सुरुवात थंडीनं झाली तर बर्फ वाढतो, जास्त ऊन परत जातं, आणखी थंडी पडते. चक्र तेच, गाडी उलट्या दिशेला. शिवाय 'बरोबर' आणि 'चूक' यांच्या जोडीला 'उताऱ्यात दिलेलं नाही' असं तिसरं उत्तर असतं. ते तर मला अजून पटलेलं नाही. उताऱ्यात नसलं म्हणून काय झालं, मला माहीत आहे की! पण माहीत असलेलं लिहायचं नाही, म्हणे.

तेरापैकी पाच आले. माझे. तिचे नऊ, एरवी अकरा असतात.

"तर मग आता रोज बसू," मी म्हणालो.

लेकीनं वहीचं कोरं पान उघडलं. "बाबा, माझे मार्क कमी झाले की तुम्ही जास्त शिकवता. तुम्ही जास्त शिकवलं की माझे मार्क कमी होतात. यात उणे किती?"

मी बोटांवर मोजलं. दोन. पुन्हा मोजलं, तरी दोनच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, टाकी भरून वाहायलीय, मोटर बंद करा की!"

मी शिकवायला बसलो की ही हाक येतेच आणि हाक आली की मला उठावं लागतं. लेकीनं त्याचेही दोन बाण काढले. या चक्रात उणे एकच होता.